चर्चा: कोकणातल्या जुन्या फोटोंना यंत्राने रंग चढवू नयेत

चिरेबंदी

हर्णैचं बंदर, रत्नागिरीची मांडवी, मालवणचा किनारा, वेंगुर्ल्याची बाजारपेठ. या जागांचे जुने कृष्णधवल फोटो हल्ली यंत्राकडून, म्हणजे आपोआप रंग भरणाऱ्या एआय ॲपकडून, रंगवून घेऊन फिरवले जातात आणि मूळ फोटो कुठेच सापडत नाही. हे थांबायला हवं असं माझं ठाम मत आहे. प्रश्न आवडीनिवडीचा नाही. ते रंग चुकीचे असतात, आणि का चुकतात हे सांगता येतं.

एकोणिसाव्या शतकात फोटो काढायला वापरत त्या काचेच्या प्लेटांवर प्रामुख्याने निळ्या उजेडाचाच परिणाम व्हायचा. पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या, त्यांवर हिरवा-पिवळा उमटू लागला, तांबडा मात्र नाहीच. सगळे रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ साली बाजारात आली आणि ती सगळीकडे रुळायला आणखी बरीच वर्षं गेली. त्यामुळे जुन्या फोटोत तांबडी वस्तू जवळजवळ काळी दिसते, निळी फिकट दिसते आणि आभाळ पांढरंफटक. आता कोकणात तांबडं काय काय आहे ते मोजा: जांभ्याचे चिरे, कौलं, पायवाटेची माती, कपाळावरचं कुंकू, लुगड्याचे काठ. माणसांचा वर्णसुद्धा या प्लेटांवर होता त्याहून सावळा उतरतो. यंत्र गडद भिंत बघतं आणि ती राखाडी दगडाची ठरवतं. पांढऱ्या आभाळात निळा भरतं, मग तो भर पावसाळ्यातला फोटो का असेना.

कोळीवाड्याच्या फोटोंत तर कहर होतो. नायलॉन येईपर्यंत जाळी सुती असायची आणि ती टिकावीत म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तपकिरी केलेली असायची. यंत्र हल्लीच्या फोटोंवर शिकलेलं, ते जाळ्यांना निळा-हिरवा रंग देतं. बघणाऱ्याला वाटतं, जाळी पूर्वीपासून अशीच होती.

त्याच्यासोबत ॲपमधला ‘चेहरा सुधारा’ हा पर्याय असतोच. त्यात बाईच्या हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसलं जातं, बुगडी केसांत विरते, देवीचे वण गुळगुळीत होतात. देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ मध्ये गेला. तो किती चेहऱ्यांवर खुणा ठेवून गेला हे सांगणारे फोटो आपणच साफ करून टाकतो आहोत.

खाडीकाठ

चेहरा सुधारण्याबद्दल पूर्ण सहमत. रंगांबद्दल अजिबात नाही.

फोटोला रंग देणं यंत्राने सुरू केलेलं नाही. फोटो स्टुडिओंत हाताने रंग भरायची पद्धत फार जुनी आहे: कृष्णधवल प्रिंटवर पातळ जलरंगाचे हात, गालांवर गुलाबी, दागिन्यांवर पिवळा. त्या कारागिरांनी नसलेले दागिनेही रंगवले आहेत. ते फोटो आपण वारसा म्हणून जपतो. मग आजचा रंग तेवढा पाप कसा?

दुसरं, गावात फोटो ओळखायला माणसं कशामुळे जमतात? पिवळट पडलेल्या दोन इंची प्रिंटकडे कोणी फिरकत नाही. तोच फोटो मोठा आणि रंगीत करून जत्रेत किंवा गणपतीत मांडा, लोक थांबतात, बोट ठेवून ‘हा अमक्याचा आजा’ म्हणतात, आणि मग आपल्या घरातली ट्रंक उघडतात. हे ओळखू शकणारी पिढी आता थोडी उरली आहे. रंगाच्या शुद्धतेसाठी तिला गमावणं मला परवडणारं वाटत नाही.

माजघर

तुमचा दोघांचा वाद पडद्यावरच्या चित्राचा आहे. कागद मात्र कपाटात कुजतोय, आणि त्याबद्दल दोघांपैकी कोणीच बोललेलं नाही.

फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ते बुरशीचं आवडतं खाद्य. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला लागते, आणि किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर ती त्याच्या बरीच वर असते. त्यात जिलेटिन मऊ पडतं आणि फ्रेममधला फोटो आतून काचेला चिकटतो. असा फोटो ओढून काढू नका, चित्राचा थर काचेवर राहील आणि हातात कोरा कागद येईल. काचेसकटच त्याची नक्कल घ्या. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, कॅमेरा काचेला अगदी समांतर, खोलीतला बाकी उजेड बंद, समोर काळं कापड म्हणजे कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येत नाही.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही. आधी फोटो कोरड्या, हवेशीर जागी सावलीत सुकू द्यायचा, उन्हात नाही. मग घराबाहेर, नाकाला फडकं बांधून, मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडायचा. ओला हात लागला की बुरशीबरोबर चित्रही निघतं.

फोटो माळ्यावर ठेवू नयेत, कौलांखाली दिवसा तापतं आणि पावसात ठिबकतं. पडवी नको, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून कपाट नको. मधल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच, लोखंडी कपाट बरं. सिलिका जेलची पुडी ठेवायची तर डबा घट्ट झाकणाचा हवा, आणि दाण्यांचा रंग बदलला की ते भाजून पुन्हा कोरडे करायचे. कोणी बघतच नसेल तर पुडी ठेवून उपयोग शून्य.

सगळ्यात वाईट म्हणजे चिकट पानांचे अल्बम, ज्यांत वरून पारदर्शक कागद दाबायचा असतो. त्यांचा गोंद पिवळा पडून फोटोत उतरतो. फोटो सहज सुटत असेल तर काढा, नसेल तर अख्खं पान स्कॅन करा आणि थांबा. नवीन पाकिटं घेताना पीव्हीसीची घेऊ नका, पॉलिप्रॉपिलिनची घ्या.

शिडाचा मचवा

चिरेबंदींच्या बाजूने एक मुद्दा, जो त्यांच्याकडून राहिला. रंगवणारे बहुतेक जण आधी फोटो कापतात. आणि पुरावा कडेलाच असतो, नाहीतर पाठीमागे.

पाठीवर ‘जि. कुलाबा’ असेल तर ते लिखाण बहुधा १९८१ च्या आधीचं, कारण त्या साली जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मालवण किंवा सावंतवाडीच्या पत्त्यात ‘जि. रत्नागिरी’ असेल तर तोही १ मे १९८१ च्या आधीचा, तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा निघाला. स्टुडिओच्या शिक्क्यात सहा आकडी पिन कोड असेल तर शिक्का ऑगस्ट १९७२ नंतरचा.

चित्रातल्या खुणाही बघा. मंगळुरी कौलं दिसली तर फोटो १८६५ नंतरचा, कारण मंगळूरला बाझल मिशन या ख्रिस्ती संस्थेचा कौलांचा कारखाना त्या साली सुरू झाला. पण हे उलटं चालत नाही. नळ्यांची, म्हणजे अर्धगोल गावठी कौलांची, शाकारणी पुढेही बरीच वर्षं होती, म्हणून नळे दिसले की ‘फार जुना’ असं ठरवू नये. रत्नागिरीत थिबा राजवाडा दिसला तर १९१० च्या सुमारानंतरचा, पतितपावन मंदिर दिसलं तर १९३१ नंतरचा. एस.टी.ची गाडी असेल तर १९४८ नंतरचा. गाडीच्या नंबराच्या पाटीवर रत्नागिरीचा ‘एमएच ०८’ असेल तर १९८९ च्या आधी जाऊच शकत नाही. धक्क्याला ‘रामदास’ बोट लागलेली असेल तर १७ जुलै १९४७ च्या आधीचा, त्या दिवशी ती रेवसला जाताना बुडाली.

फोटो उलटा छापला गेला आहे का तेही तपासा, काचेच्या प्लेटांच्या बाबतीत हे सर्रास होतं. दुकानाची पाटी असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर किनारा बघा: आपल्याकडे समुद्र पश्चिमेला, म्हणजे उत्तरेकडे तोंड करून काढलेल्या फोटोत तो डावीकडेच हवा. एरवी सावल्या समुद्राकडे पडल्या असतील तर वेळ सकाळची.

यातलं अर्धं कातरीत जातं.

खाडीकाठ

कापणं चूक, मान्य. पण रंगामुळे यातली एकही खूण जात नाही. कौलं कौलंच राहतात, पाटी वाचता येते. चूक कातरणाऱ्याची, ती रंगावर ढकलू नका.

चिरेबंदी

हाताने रंगवलेल्या प्रिंटचं तुमचं उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्याच बाजूला येतं. ती प्रिंट हातात घेतली की ब्रशचा फराटा दिसतो, काठाबाहेर गेलेला रंग दिसतो. हा थर वरचा आहे, हे बघणाऱ्याला कळतं. यंत्राचा रंग नेमका तेच लपवतो. शिवाय रंगारी आणि गिऱ्हाईक एकाच गावातले असायचे, लुगडं कुठल्या रंगाचं ते विचारता यायचं.

आणि माणसं ओळखण्याच्या मुद्द्यावर माझी सगळ्यात मोठी हरकत आहे. ऐंशीच्या घरातल्या आजींपुढे तुम्ही रंगीत फोटो ठेवलात आणि त्यात लुगडं हिरवं आहे. त्या म्हणणार, हो, हिरवंच होतं. ही त्यांची आठवण की यंत्राचा अंदाज, हे पुढे कधीच वेगळं करता येणार नाही. सांगणारी पिढी थोडी उरली आहे असं तुम्हीच म्हणालात. मग तिची साक्ष अशी गढूळ कशाला करायची?

सुरंगी

एक फरक करायला हवा, नाहीतर रंगाला हात लावायचाच नाही असा अर्थ निघेल. सत्तर-ऐंशीच्या दशकांतले मुळातच रंगीत फोटो आता तांबूस झाले आहेत. त्यांतला निळसर रंगद्रव्याचा थर अंधारातसुद्धा उडतो, लाल टिकून राहतो. तिथे रंगांचा तोल सावरणं हे काम वेगळं आहे, कारण रंगाची नोंद कागदावर आहे, ती फक्त क्षीण झाली आहे. मूळ स्कॅन ठेवून असं केलं तर माझी हरकत नाही.

आणि कायद्याचं थोडक्यात. पैसे देऊन स्टुडिओत काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याचा असतो. लग्नाच्या, कुटुंबाच्या फोटोंना हे लागू. बाजारपेठेचा किंवा बंदराचा फोटो छायाचित्रकाराने स्वतःहून काढला असेल तर हक्क त्याचा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर मुदत त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘जुना आहे म्हणजे सगळ्यांचा’ हे खरं नाही.

खाडीकाठ

साक्ष गढूळ होते हा मुद्दा मला पटला. याचा विचार केला नव्हता.

तरी रंगीत प्रत मी सोडणार नाही, क्रम बदलेन. आधी मूळ कृष्णधवल फोटो ए-फोर आकारात छापून दाखवायचा, डावीकडून उजवीकडे नावं लिहून घ्यायची, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख टाकायची. लुगड्याचा, होडीचा, दाराचा रंग तेव्हाच विचारायचा. रंगीत प्रत त्यानंतर, आणि आजींनी सांगितलेला रंग हाताने भरून. यंत्राचा नाही.

चिरेबंदी

असं होणार असेल तर माझा निम्मा विरोध संपला. उरलेला निम्मा फिरणाऱ्या प्रतीबद्दल आहे. ‘रंग नंतर भरले आहेत’ हे फोटोखाली लिहून भागत नाही, पुढे पाठवताना मजकूर गळतो. ते चित्राच्या आतच हवं, आणि कातरता येणार नाही अशा जागी. कोपऱ्यात नको, तोच पहिला उडतो.

खाडीकाठ

मधोमध पट्टी टाकली तर फोटोच बघवणार नाही. त्यापेक्षा अर्धा फोटो रंगीत आणि अर्धा मूळ ठेवायचा, तिरकी रेघ मारून. सांगायची गरजच नाही.

शिडाचा मचवा

रेघ चालेल, फक्त ती चेहऱ्यावरून जाऊ देऊ नका. आणि मूळ प्रत पाठवायची तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, आकार घटतो. डॉक्युमेंट म्हणून जोडा.

माजघर

स्कॅनबद्दल कोणी आकडे दिले नाहीत म्हणून देतो. चार बाय सहा इंची प्रिंटला ६०० डीपीआय (दर इंचाला टिपले जाणारे ठिपके) पुरतं, २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. बॉक्स कॅमेऱ्याच्या सव्वादोन बाय सव्वातीन इंची प्रिंटला १२०० घ्या. ३५ मिमीच्या निगेटिव्हला ३००० ते ४०००. फाईल टिफ, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या प्रकारची. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, म्हणजे कागदाचा पिवळेपणा आणि शाईचे शिक्के नोंदले जातात. धूळ काढणं, धार वाढवणं हे स्कॅनरचे पर्याय बंद. चारही कडा दिसल्या पाहिजेत, मग पाठ वेगळी स्कॅन करायची आणि दोन्ही फाईलींना एकच क्रमांक द्यायचा. पाठीवर काही लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला, न दाबता. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर फिल्म आतून सडायला लागली आहे. तो डबा इतरांपासून वेगळा काढा आणि स्कॅनला पहिला घ्या.

हे सगळं मृगाच्या आधी उरकायचं. पावसात ट्रंक उघडून बसलात तर बाहेरची ओल आत जाते आणि झाकण लावलं की तिथेच मुरते.