चर्चा: पीएफ आणि बेरोजगारी भत्त्याचं दार फक्त ओटीपीनंच उघडावं का?

वणाकाठ

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. कापसाच्या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत हा प्रश्न आहे, म्हणून.

समुद्रपूर तालुक्यातल्या गावागावांतून माणसं हिंगणघाट आणि जामकडच्या सूतगिरण्यांत पाळीला जातात. काम मंदावलं की ठेकेदार म्हणतो, "पुढं सांगू तेव्हा या." माझ्या दादाचं तसंच झालं. पगारातून त्याचा पीएफ कापला जायचा आणि ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणीही. म्हणजे काम सुटल्यावर दोन ठिकाणी त्याचा हक्क बसतो. पीएफ तर त्याचाच पैसा आहे. ईएसआयसीत अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, १ जुलै २०१८ पासून लागू झालेली. दोन वर्षं विमा असावा, काम सुटण्याच्या लगेच आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवस भरलेले असावेत आणि त्याआधीच्या तीन कालावधींपैकी एकात पुन्हा ७८ दिवस. एवढं असलं की सरासरी रोजाच्या ५० टक्के रक्कम मिळते, जास्तीत जास्त ९० दिवसांची, आयुष्यात एकदाच. आधी ती २५ टक्के होती, कोरोनाच्या काळात वाढवली. रोज ४०० पडत असेल तर १८,००० रुपये होतात. आमच्याकडे एवढ्यात पेरणीचं बी-खत येतं.

आता अडचण ऐका. अर्ज ऑनलाइन, आणि ऑनलाइन म्हणजे ओटीपी. पीएफच्या पोर्टलवरचा नंबर एकवेळ बदलता येतो, पण दावा भरताना शेवटचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच जातो. दादाच्या आधारला जोडलेलं सिम जुनं, रिचार्ज नाही म्हणून कधीच बंद झालेलं. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणालाही देऊ शकते, आणि तो दिला गेला. आम्ही त्या नंबरवर फोन लावला. जालन्याकडचा एक गृहस्थ निघाला, भला माणूस. म्हणाला, "भाऊ, ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून बँकेचा मेसेज रोज येतो, मी कसा सांगू?" त्याचं बरोबरच होतं. त्या दिवशी आम्ही सेतू केंद्रात बसलेलो, पडद्यावर दादाचं नाव, वडिलांचं नाव, गिरणीचं नाव, सगळं बरोबर. दादा स्वतः समोर उभा. आणि त्याची ओळख पटवणारे सहा आकडे जालन्यात.

माझं म्हणणं साधं आहे. ओटीपी राहू द्या, पण ज्याला तो येत नाही त्याच्यासाठी तालुक्याला ठरलेल्या वारी एक अधिकारी बसला पाहिजे. त्यानं माणूस, आधार कार्ड आणि पासबुक समोर बघून दावा घ्यावा आणि पोच द्यावी. पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला २०१४ पासून जीवन प्रमाणवर अंगठ्यानं होतो. गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून खात्यातले पैसे निघतात. मग बेकार झालेल्या मजुराचाच अंगठा का चालत नाही?

हिशेबनीस

वणाकाठ भाऊ, तुमच्या दादाची अडचण खरी आहे, पण उपाय मला घातक वाटतो. मी गिरणीच्या ऑफिसात बरीच वर्षं हिशेब पाहिला आहे. कागदाचा जमाना तुम्ही पाहिला नसेल. पीएफ काढायचा १९ नंबरचा फॉर्म आणि १०-सी घेऊन माणूस मालकाच्या सहीसाठी फिरायचा. ठेकेदार सही देताना "चहापाणी" मागायचा. भांडून काम सोडलं असेल तर सही मिळायचीच नाही. फॉर्म गेला की कुठं अडकला ते कळायला मार्ग नव्हता. पीएफ काढून देणारे एजंट होते, ते रकमेतला हिस्सा ठरवूनच फॉर्म हातात घ्यायचे.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आधारवाला एकत्रित फॉर्म आला आणि आधार, बँक जोडलेलं असेल तर मालकाच्या सहीची गरज संपली. पुढं ऑनलाइन दावा आला. मजुराच्या बाजूनं झालेला एवढा मोठा बदल मी दुसरा पाहिला नाही. आणि तुम्ही पुन्हा टेबल, पुन्हा साहेब, पुन्हा वार ठरवायला निघालात. जिथं साहेब बसेल तिथं बाहेर एजंटही बसेल.

तुमच्या दादाचं काम आधारचा नंबर बदलला की होईल. त्याला कागदपत्र लागत नाही, आधार केंद्रावर अंगठा द्यायचा. फी ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. शिवाय २०२१ पासून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊनही मोबाइल नंबर बदलून देऊ शकतो. जे दुरुस्त होतं ते दुरुस्त करा.

धुरा

हिशेबनीस भाऊ, ऐकाले हे सोपं वाटते. पण आधार केंद्र गावात नाही राहत ना. तालुक्याले जा, टोकन घ्या, मंग कळते का सर्व्हर बंद आहे. त्या दिवसाचा रोज बुडाला. दुसऱ्या खेपेले गेलं का मशीन अंगठाच घेत नाही. आमच्या घरची बाई सारा हंगाम कापूस वेचते, बोंडाच्या टोकानं बोटं सोलून निघतात तिची. तिच्या बोटावर रेषाच नाही राहिल्या त मशीनले काय दिसन? आन् पोस्टमनचं म्हनसान त आमच्या पोस्टमन भाऊले इचारलं, मशीन वरून आली नाही म्हने.

काम सुटलं तेव्हाच खिसा रिकामा असते. तेव्हाच दहा ठिकानी फिराले लावता. कपात करताना कोनी अंगठा मागतला नव्हता, पगारातून बरोब्बर कापून घेत होते.

सेतुचालक

मी समुद्रपूर तालुक्यात सेवा केंद्र चालवतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचलं. माझं मत वणाकाठ भाऊंच्या विरोधात आहे, पण कारण वेगळं.

अंगठ्यावर दावा सुरू केला तर फसवणूक वाढेल. बँकेचे पैसे आधारच्या अंगठ्यावर काढण्यात ठशांची नक्कल करून लोकांची खाती रिकामी झाल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. पीएफची रक्कम म्हणजे माणसाची आयुष्यभराची शिल्लक. गावातल्या खात्यातले दोन हजार जाणं वेगळं आणि ही रक्कम जाणं वेगळं.

माझ्याकडे येणाऱ्यांत नंबर हरवलेले बरेच असतात, पण त्यांच्याइतकेच दुसऱ्या कारणानं अडकलेलेही असतात. पहिलं म्हणजे काम सोडल्याची तारीख. ठेकेदारानं ती भरलेली नसते, म्हणून पोर्टलच्या दृष्टीनं माणूस अजून नोकरीत. २०२० पासून ही तारीख कामगार स्वतः भरू शकतो, शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने उलटले की. "मॅनेज" मध्ये "मार्क एक्झिट" असं दिसतं. हे निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि ते उगाच ठेकेदाराच्या मागं फिरतात.

दुसरं म्हणजे आपल्या विदर्भातलं "जी" आणि "राव". आधारवर वडिलांचं नाव महादेव, गिरणीच्या रजिस्टरात महादेवजी. आधारवर वामन, पीएफला वामनराव. आपण माणसाला मान देऊन लिहितो आणि कॉम्प्युटर त्याला दुसरा माणूस समजतो. जानेवारी २०२५ पासून ज्यांचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघाला आणि आधारनं पडताळलेला आहे, त्यांना नाव, जन्मतारीख, आई-वडिलांचं नाव मालकाच्या मंजुरीशिवाय स्वतः दुरुस्त करता येतं. जुन्या यूएएनवाल्यांची मात्र खरी परवड आहे, कारण तिथं मालकाची मंजुरी लागते आणि गिरणीच बंद असेल तर मंजुरी देणार कोण?

आणि एक कळकळीनं सांगतो. कृपा करून पासवर्ड केंद्रचालकाच्या वहीत लिहून ठेवू नका. आणि "तुमचाच नंबर टाका ना भाऊ" असंही म्हणू नका. मी टाकत नाही, पण टाकणारे आहेत. ज्याचा नंबर, त्याच्या हातात तुमचं खातं. नंबर घरातल्याच माणसाचा असावा, आणि तो चालू ठेवायची आठवण घरातल्या शिकलेल्या पोरानं ठेवावी.

वर्धेकर ताई

सेतुचालक दादा, "घरातल्या माणसाचा नंबर" हे बायकांच्या बाबतीत इतकं सरळ नसतं. गिरणीत धाग्यावर काम करणाऱ्या कितीतरी बायकांच्या आधारला नवऱ्याचा नंबर आहे. नवरा वेगळा राहतो, किंवा वारला, किंवा पैसे येणार म्हटलं की ओटीपी सांगत नाही. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला पती किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी मागितला, तेव्हा ज्यांचे दोघंही नाहीत त्या बायांनी काय करायचं, हा प्रश्न गावोगावी उभा राहिलाच होता. म्हणून मी वणाकाठ भाऊंच्या बाजूनं आहे. बाईला स्वतः जाऊन "ही मी" म्हणता येईल अशी एक तरी जागा हवी.

हिशेबनीस

ताई, तुमचा मुद्दा मानतो. पण मग मोहीम अशी हवी की कामावर घेतानाच बाईच्या स्वतःच्या नावाचा नंबर आधारला जोडून घ्यावा. शिवाय आता तर सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवूनही यूएएन चालू करता येतो. तंत्र सुधारतं आहे, थोडा धीर धरा.

वणाकाठ

हिशेबनीस भाऊ, उमंगवर चेहरा दाखवण्याआधी आधारशी जोडलेला मोबाइल आणि त्यावरचा ओटीपीच मागतात. म्हणजे फिरून तिथंच. आणि धीर कोणी धरायचा? ईएसआयसीचा हा भत्ता काम सुटल्यावर ३० दिवसांनी मागता येतो. तो त्या कोरड्या महिन्यांसाठीच आहे. नंबर, नाव, तारीख दुरुस्त करता करता सावकाराचं व्याज चालू होतं, आणि उशिरा हातात आलेले पैसे थेट त्याच्याकडे जातात.

तुम्ही म्हणता साहेब बसला की एजंट येईल. अहो, एजंट आजही आहे, फक्त टेबलाऐवजी लॅपटॉप घेऊन बसतो. ओटीपी न येणाऱ्या माणसाला "करून देतो, इतके द्या" म्हणणारे बाजाराच्या दिवशी सहज भेटतात. सरकारी माणूस समोर नसला की मजूर त्यांच्याच हाती सापडतो.

आणि मी नवीन काही मागतच नाही. पीएफच्या नियमांत बंद पडलेल्या कारखान्यातल्या कामगाराच्या फॉर्मवर मालकाऐवजी बँकेचा मॅनेजर, पोस्टमास्तर, राजपत्रित अधिकारी किंवा गावचा सरपंच साक्षांकन करू शकतो, अशी सोय पूर्वीपासून आहे. गावात विचारून पाहा, किती सरपंचांना हे ठाऊक आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला "निधी आपके निकट" नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यात होतं, २०२३ पासून. ते जिल्ह्यात एका ठिकाणी असतं. तेच तालुक्याला आणा, आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, आणि शिबिरात आधारचं मशीनही ठेवा, म्हणजे नंबर, नाव आणि दावा एकाच छपराखाली होईल. नागपूरचं पीएफ कार्यालय आमच्यापासून सत्तरेक किलोमीटर. ज्याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत त्याला तिथं बोलावू नका.

धुरा

हे बरोबर बोलले भाऊ. आन् बोट नाही उमटलं त डोळ्याचं मशीन ठेवा शिबिरात. डोळे त कापसानं नाही झिजत.

सेतुचालक

आधारचं मशीन असलेल्या शिबिराला माझा पाठिंबा आहे, खुर्ची-टेबल आणि वीज माझ्या केंद्रातून घ्या. तोवर लोकांनी एवढं करून ठेवावं: शेवटच्या महिन्याची पगारपावती, पासबुकाचं पहिलं पान आणि ईएसआयसीचा विमा क्रमांक एका पिशवीत. आधारला कोणता नंबर आहे ते आठवत नसेल तर केंद्रावर या, आधारच्या साइटवर नंबरचे शेवटचे तीन आकडे दिसतात. मदतीला आधारचा १९४७ आणि पीएफचा १४४७० हे क्रमांक आहेत. साध्या फोनवरूनही लागतात.

हिशेबनीस

तालुक्याला शिबिर, त्यात आधारचं मशीन, इथपर्यंत मी तुमच्यासोबत आहे. सरपंचाच्या सहीला मात्र माझा विरोध कायम आहे. ठेकेदार गावातलाच असतो आणि पुष्कळदा सरपंचाच्याच पॅनलचा. ज्यानं ठेकेदाराविरुद्ध तोंड उघडलं त्याचा फॉर्म त्या टेबलावर किती महिने पडून राहील, हे मला चांगलं माहीत आहे. पोस्टमास्तर किंवा बँक मॅनेजर चालेल. त्यांनाही मुदत घाला, सात दिवसांत सही नाहीतर नकाराचं लेखी कारण. हे मान्य असेल तर तहसीलदारांना द्यायच्या निवेदनावर माझं नाव घाला.

वणाकाठ

सरपंचाचं नाव मी वगळणार नाही भाऊ. तो अधिकार नियमातच आहे आणि लांबच्या गावांत पोस्ट नाही, बँकही नाही. सात दिवसांची मुदत आणि लेखी कारण मात्र निवेदनात घालतो, सरपंचालाही तीच लागू. मसुदा रविवारी इथंच टाकतो, तेव्हा सही करायची की नाही ते ठरवा.