स्पेलिंगवरून आता ओळखू येत नाही

फसव्या मेलमध्ये स्पेलिंगच्या चुका असतातच, असं नेहमी सांगितलं जातं. पूर्वी ते बऱ्यापैकी खरं होतं, आता त्यावर विसंबू नका. गेल्या वर्षी रिटर्न भरल्यावर आठवड्याभरात बाबांना 'रिफंड मंजूर' असा मेल आला. भाषा थेट सरकारी, बोधचिन्ह जागच्या जागी, चूक एकही नाही. बाबा पॅन कार्ड शोधायला उठलेसुद्धा होते! मी मोबाइलवर मेलमधलं बटण नुसतं दाबून धरलं, तेव्हा खाली खरी लिंक दिसली. सुरुवातीला 'इन्कमटॅक्स', पण डोमेनचा, म्हणजे साइटच्या पत्त्याचा, शेवट 'डॉट टॉप'. प्राप्तिकर खात्याची खरी साइट 'डॉट गव्ह डॉट इन'ने संपते. म्हणून डोमेन नेहमी शेवटाकडून वाचायचं, सुरुवातीला कुणीही काहीही लिहू शकतं.

बँकांच्या बाबतीत तर हे आता जास्त सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जायला सांगितलं होतं, आणि ते बँकांनाच मिळतं. घरातल्या ज्येष्ठांना एवढा शेवट दाखवून ठेवा. आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आली तर हाती लागण्याची शक्यता जास्त असते.