माथेरानला पायी, एका दिवसात: सहा मैत्रिणी, एक दुखरा गुडघा. वाट सुचवा

रानजाई:
नमस्कार मंडळी. आम्ही शाळेतल्या सहा मैत्रिणी, सगळ्या पंचेचाळिशी ओलांडलेल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पायी माथेरान चढायचं, वर जेवायचं आणि रात्री नऊच्या आत डोंबिवलीला घरी पोचायचं ठरलंय. मुक्काम नाही. खर्च माणशी ६०० च्या आत हवा, लोकल, टॅक्सी, जेवण सगळं धरून. रोज चालायची सवय आहे, पण डोंगर चढून वीस वर्षं झाली. एकीचा डावा गुडघा चढताना बरा असतो, उतरताना दुखतो. ती येणारच आहे. तिला टॅक्सीने पुढे पाठवा असं कृपया सुचवू नका, एकत्र चालायचं म्हणूनच हा सगळा घाट घातलाय. वाट कोणती धरू आणि बूट कोणते घेऊ?

कडेकपारी:
गर्बेट. डोळे झाकून गर्बेट. मी नऊ वेळा केलाय. भिवपुरी रोडला उतरायचं, शेतातून पाली-भुतिवली धरणापर्यंत चालायचं, मग सागाची वाडी आणि पठार. पठारावर आलात की खाली धरणाचं पाणी आणि समोर माथेरानचा कडा. गर्बेट पॉइंटवरून दस्तुरी नाक्यापर्यंत, म्हणजे नेरळच्या टॅक्सी जिथवर येतात तिथपर्यंत, झाडीतून सपाट वाट आहे. निवांत चाललात तर पाच तास धरा. सकाळी सातच्या आत भिवपुरीला हवंच.

सह्याद्रीवेडा_८१:
गर्बेटला गर्दी फार झालीय हल्ली. पेब करा. नेरळहून पेबचा किल्ला म्हणजे विकटगड चढायचा, शिड्या ओलांडून माथेरानच्या रुळांवर यायचं, वाटेत कड्यावरचा गणपती. मी मुलाला सात वर्षांचा असताना नेलंय, एकदाही उचलून घ्यावं लागलं नाही.

निळी_छत्री:
बुटांबद्दल लिहिते, कारण वाटेपेक्षा बूट महत्त्वाचे. मागच्या वर्षी लग्नात घेतलेले महागडे स्पोर्ट्स शूज घालून गेले. चार वर्षं कपाटात पडून होते, दिसायला नवेकोरे. पठाराच्या अलीकडे उजव्या बुटाचा तळ पुढून उघडला, शंभर पावलांत मागूनही सुटला. ओढणीची किनार फाडून तीन ठिकाणी बांधला. किनार दगडावर घासून तुटायची, की पुन्हा बसा आणि पुन्हा बांधा. दस्तुरीला पोचेपर्यंत मोजा लाल मातीने भरून जड झाला होता आणि टाचेचं कातडं गेलं होतं. न वापरलेल्या बुटाचा गोंद आपोआप सुकतो, हे तेव्हा कळलं. जुने बूट असतील तर आधी आठवडाभर रोज घालून चाला. आणि सोबत मजबूत नाडी ठेवाच.

घाटमाथा:
ॲक्शनचे ट्रेकिंग शूज घ्या. सह्याद्रीत निम्मे लोक तेच घालतात. ओल्या कातळावर पकड चांगली.

पायवाट_पुणे:
मी केचुआचे घेतलेत, साडेतीन हजार गेले, पण घोटा धरून ठेवतात. चौथं वर्ष चालू आहे. पैसे बघू नका बुटाच्या बाबतीत.

रानजाई:
पैसे बघावेच लागतील हो, सहा जणींचे बूट आहेत :) निळी छत्री, तुमचं वाचून लगेच कपाटातले बूट काढून तळ दाबून पाहिले. एकीचे गेलेच होते. मनापासून आभार.

जांभा:
गर्बेटला +१. भिवपुरी रोड, धरण, सागाची वाडी, पठार. कडेकपारी यांनी लिहिलंच आहे. दस्तुरीला नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो. तिथून बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटर आहे, हे बरेच जण धरत नाहीत. थकलात तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल मिळते.

सावली:
माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, म्हणून लिहिते. चढ दम काढतो, गुडघा काढतो तो उतार. त्यामुळे पायी उतरणं रद्द करा, दस्तुरीहून नेरळला शेअर टॅक्सीने या. दुसरं, दोन काठ्या घ्या, एक नको. तिसरं, गुडघ्याचा पट्टा त्या दिवशी पहिल्यांदा बांधू नका, आधी घरी वापरून बघा. आणि पेब अजिबात नको, शिडीवर पाय दुमडून उंच उचलावा लागतो. गर्बेटमध्ये माझी भीती वेगळी आहे. एकदा सागाची वाडी मागे पडली की दुखायला लागलं तरी वर जावं लागतं नाहीतर खाली, आणि दोन्हीकडे चालतच.

सह्याद्रीवेडा_८१:
पेबच्या शिड्या आता लोखंडी आहेत, मजबूत आहेत. लोक उगाच घाबरवतात.

सावली:
शिडी मजबूत असेल. प्रश्न गुडघ्याचा आहे.

दवबिंदू:
एका दिवसात माथेरान करणं म्हणजे माथेरानवर अन्याय आहे. एक रात्र राहा. शार्लोट तलावाजवळ पिसारनाथाचं देऊळ आहे, सकाळी तिथे बसा. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय बघा. खर्च दोन-अडीच हजारांत होईल. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी १८५० साली माथेरान शोधलं, ते काय दिवसभरात परत फिरायला?

मातीचा_माणूस:
मॅलेट साहेबाने शोधलं हे वाचलं की वाईट वाटतं. तो चौकच्या बाजूने चढला तेव्हा वाट होती, म्हणजे वाटेवर चालणारी माणसं होती. ठाकर, कातकरी, धनगर या डोंगरात आधीपासून आहेत. साहेबाने हवा खायला गाव वसवलं असं म्हणा.

दवबिंदू:
मान्य. वसवलं म्हणते. पण राहाच.

जांभा:
मिनी ट्रेनने जा की मग. १९०७ पासून आहे, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली, दोन रुळांतलं अंतर अवघं दोन फूट. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, ऑक्टोबरमध्ये सुरू झाली का ते आधी बघून घ्या.

कडेकपारी:
त्यांना चालायचंय, धागा नीट वाचा.

लाल_माती:
वर ई-रिक्षा पण मिळते आता दस्तुरीहून. रांग मोठी असते. मला विचाराल तर पूर्ण गाडीबंदी होती तेच बरं होतं, माथेरानची शांतता त्यातच होती.

मातीचा_माणूस:
शांतता आपली, आणि माणूस ओढणारी हातरिक्षा त्यांची? २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा असं सांगितलं ते योग्यच झालं. चढावर रिक्षा ओढताना एकदा जवळून बघा, एक पुढे आणि दोघं मागे लागतात.

लाल_माती:
हातरिक्षेच्या बाजूने मी बोललोच नाही. घोडेवाल्यांचं काय होणार याची काळजी आहे मला.

घाटमाथा:
माकडांचं कुणी लिहिलं नाही. गेल्या डिसेंबरमध्ये इको पॉइंटला बायकोच्या मांडीवरच्या सॅकची चेन माकडाने दोन बोटांनी ओढून उघडली, भाकऱ्यांचं फडकं उचललं आणि झाडावर. प्लास्टिकची पिशवी हातात धरू नका, तिच्याच आवाजावर येतात. आणि पाणी माणशी तीन लिटर. ऑक्टोबरचं ऊन पावसाळ्यानंतर सोसत नाही, गर्बेटच्या पठारावर सावली नाही.

पायवाट_पुणे:
धोदाणीहून सनसेट पॉइंट कुणी सुचवलं नाही? पनवेलकडून एसटीने जायचं, वाट सुंदर आहे.

सावली:
डोंबिवलीहून ते उलटं पडेल, आणि रविवारी एसटीवर विसंबायचं म्हणजे नऊची वेळ गेली.

रानजाई:
सगळ्यांचे आभार. काल सहाही जणी फोनवर बसलो आणि तुमच्यापैकी कुणीच न सुचवलेलं ठरवलं. नेरळ स्टेशनपासून टॅक्सीच्या डांबरी रस्त्यानेच दस्तुरीपर्यंत चालत जाणार. सात-आठ किलोमीटर, सगळा चढ. सावलीताईंचं एक वाक्य डोक्यात बसलं, दुखलं तरी चालावंच लागतं. इथे दुखलं तर रस्त्यावरच थांबता येईल.

कडेकपारी:
डांबरी रस्ता?! अहो, मागून गाड्या, धूर, उन्हात तापलेलं डांबर. पठार सोडून हे? कृपया फेरविचार करा.

जांभा:
वाटेत शेअर टॅक्सीत जागा मिळत नाही, नेरळहूनच भरून येतात. त्यावर विसंबू नका.

रानजाई:
जांभा, हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलंत. मग नेरळला एखाद्या टॅक्सीवाल्याचा नंबर घेऊन ठेवू, लागली तर पूर्ण गाडीचे पैसे सहा जणींत वाटू. कडेकपारी, गर्बेट पुढच्या वर्षी नक्की.

रानजाई:
जाऊन आलो. सव्वासहाला नेरळहून निघालो. जुम्मापट्टीपर्यंत रस्त्यावर सावली होती, गाड्याही तुरळक. साडेआठनंतर दोन्ही वाढलं, शेवटचा तास कडेकपारी म्हणाले तसाच गेला, धूर आणि ऊन. प्रत्येक वळणावर हॉर्न ऐकू आला की कठड्याला चिकटून एका रांगेत उभं राहायचं. साडेनऊला दस्तुरी. गुडघेवाली दोन काठ्या घेऊन सगळ्यांच्या पुढे होती, टॅक्सीवाल्याला फोन करावा लागला नाही. शार्लोट तलावाशी बसून डबे खाल्ले, बाजारपेठेत चिक्की आणि दोघींनी चपला घेतल्या. परत येताना टॅक्सी. चपला सोडून माणशी ४८० झाले. पाण्याची प्रत्येकीची एक बाटली उरली, तीन लिटर या रस्त्याला जास्त होतं, गर्बेटला पुरेल.

सावली:
दुसऱ्या दिवशी गुडघा कसा आहे?

रानजाई:
जिना उतरताना थोडा दुखतोय म्हणते. बर्फाने शेकतेय. आणि भिवपुरीला सकाळची पहिली लोकल किती वाजता पोचते, ते तिनेच विचारायला सांगितलंय.