सुरतेतल्या जुन्या कबरी बघायच्यात. हा ऑक्झेंडन तोच का?

गोदाकाठची:
पुढच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याला सुरतेला जातोय, उधन्याला. कार्यक्रम रविवारी, शनिवार मोकळा. मुलगा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याला इंग्रज आणि डचांची जुनी कबरस्तानं बघायचीत. टेपही घेऊन येणार म्हणतोय. "शुभकार्याला निघालात आणि थडगी कसली बघता" म्हणून सासूबाई नाराज आहेत, ते असो. दोन्ही जागा अर्ध्या दिवसात होतात का? आणि तिथे ऑक्झेंडनची मोठी कबर आहे ना, तो शिवराज्याभिषेकाला रायगडावर आलेला ऑक्झेंडनच ना? मी मुलाला तसं ठासून सांगून बसलेय.

लिंबायतचा मेहता:
ताई, अर्ध्या दिवसात आरामात होतं. दोन्ही जागा कतारगाम दरवाजाच्या बाजूला आहेत. फक्त रिक्षावाल्याला नुसतं "डच" म्हणू नका, तो थेट नानपुऱ्याच्या डच गार्डनला नेऊन सोडेल. माझे एकदा असेच पैसे गेलेत. कतारगाम दरवाजा सांगा आणि तिथे उतरून विचारा. दोन्ही ठिकाणं पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, निळी पाटी दिसेल.

आता ऑक्झेंडन. तो हा नाही! रायगडावर १६७४ ला नजराणा घेऊन आला तो हेन्री, त्याच घराण्यातला. सुरतेत पुरलाय तो जॉर्ज, १६६९ ला वारला. पण आपला संबंध त्याच्याशीही आहेच. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत बेसुरत केली, तेव्हा मुघलांचा सुभेदार किल्ल्यात दडून बसला आणि या जॉर्जने मूठभर माणसांनिशी इंग्रजांची वखार धरून ठेवली. कंपनीने त्याला सोन्याचं पदक दिलं. पुढे मुंबई कंपनीकडे आल्यावर तिचा कारभारही त्याच्याकडेच आला.

कबर म्हणाल तर लांबून कुणालाही पीरबाबाचा दर्गा वाटेल. खाली जाडजूड खांब, वर घुमट, वर जायला जिना, उंची चाळीसेक फूट. पण मी जातो तो जॉर्जसाठी नाही. त्याच इमारतीत त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आहे, दहा वर्षं आधी, १६५९ ला गेलेला. त्याचा मृत्युलेख लॅटिनमध्ये आहे. मला लॅटिन कुठलं येतंय, इंग्रजी भाषांतर मिळालं ते कागदावर उतरवून नेलं होतं. मी रिंगरोडच्या साडी मार्केटात सव्वीस वर्षं वह्या लिहितोय, म्हणून असेल, पण वाचून अंगावर काटा आला. सगळा लेख हिशेबाच्या भाषेत! माझ्या शब्दांत सांगतो: याला वहीत वर्षं मांडता आली नाहीत, नुसते दिवसच मांडले, कारण मरणाने अचानक हिशेब मागितला. मालकहो, नफा-तोटा विचारता? तुमचा चाकर गेला, आमचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा जीव गेला. पण पानाच्या दुसऱ्या बाजूला तो लिहू शकतो, मरण हाच माझा नफा.

हे लिहिणारा नक्की वखारीतलाच कुणीतरी कारकून असणार. कवीला नावे-जमा इतकं सुचत नाही.

चुनागच्ची:
मेहतासाहेबांनी डचांना फारच थोडक्यात उरकलं. ताई, मुलाचा जास्त वेळ तिकडे जाऊ द्या. हेंद्रिक फान रीडची कबर दुहेरी घुमटाची आहे, वर-खाली सज्जे, भरदार खांब. पूर्वी आत भिंतींवर चित्रं आणि खिडक्यांना लाकडी कोरीवकाम होतं म्हणतात. इंग्रजांच्या वरचढ दिसावी म्हणून एवढी मोठी बांधली, असंही सांगतात. गंमत म्हणजे हा गृहस्थ डच कंपनीतला भ्रष्टाचार निपटायला आलेला कमिशनर. १६९१ ला सुरतेकडे येताना जहाजावरच वारला, आणि कंपनीचा एवढा मोठा खर्च त्याच्याच मढ्यावर झाला.

त्याच्या 'होर्तुस मलाबारिकुस' या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत छापलंय. आपली अक्षरं अ‍ॅमस्टरडॅमला छापली गेली, त्यात या माणसाचाही हात आहे.

मुलाला एक सांगा. इथे सगळे घुमटच का, ते बघ म्हणावं. हे लोक तेव्हा मुघलांच्या राज्यात वखारी चालवणारे भाडेकरू. आजूबाजूला मोठा माणूस मेला की मकबरा बांधतात, मग यांनीही विटा-चुन्यात तेच बांधलं. शंभर वर्षांनी कलकत्त्याला, १७६७ ला सुरू झालेल्या पार्क स्ट्रीट कबरस्तानात जा, तिथे पिरॅमिड, टोकदार स्तंभ, ग्रीक खांब. तोवर भाडेकरू मालक झाले होते.

शेजारचं आर्मेनियन कबरस्तानही चुकवू नका. तिथे उंच काही नाही, जमिनीलगत कोरीव शिळा आहेत, त्यामुळे लोक दारातूनच परततात. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. टेप चालेल, पण अक्षरांवर खडू-कोळसा घासून छाप घेऊ देऊ नका. आणि गिलाव्याला टेकू नका, पोकळ झालाय.

लिंबायतचा मेहता:
चुनागच्ची भाऊ, मान्य. डचांकडे मी उत्तरायणानंतर जातो, सज्ज्यांत अडकलेले पतंग बघायला. एक राहिलं: मुंबई वसवली म्हणून ज्याचं नाव घेतात तो जेरल्ड आँजियरही १६७७ ला सुरतेतच वारला. त्याच्या नावाचा दगड शोधत मी दोन रविवार घालवले, पदरी काही पडलं नाही.

गोदाकाठची:
दोघांचेही आभार. मुलाला सांगितलं की तो ऑक्झेंडन वेगळा. "मला माहीतच होतं, तू एवढ्या जोरात बोलत होतीस म्हणून गप्प बसलो" म्हणाला! सासूबाईंना हिशेबाचा लेख वाचून दाखवला. त्या पतपेढीतून निवृत्त झाल्यात. जरा वेळ काही बोलल्या नाहीत, मग विचारलं, तिथे पायऱ्या किती आहेत.

लिंबायतचा मेहता:
खालून सगळं दिसतं, चढायची गरजच नाही. आजींना सावलीत बसवा, पाण्याची बाटली घरूनच न्या. शनिवारी मार्केट चालू असतं, पण सकाळी दहाच्या आत येणार असाल तर कळवा, तो कागद घेऊन येतो.