मदत हवी आहे: जपानच्या शिष्यवृत्तीची माहिती एफवायच्या मुलांपर्यंत वेळेत कशी पोचवावी?

नमस्कार मंडळी,

जपानी भाषा-संस्कृतीत पदवी करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना जपानचं शिक्षण मंत्रालय, म्हणजे 'मेक्स्ट', साधारण वर्षभराची शिष्यवृत्ती देतं. ती घेऊन जाणाऱ्यांना तिकडे निक्केनसेइ म्हणतात. मी या शिष्यवृत्तीवर कानाझावाला राहून आले. आता आम्ही चार माजी विद्यार्थी पुण्यात जपानीचे वर्ग असतील तिथे जाऊन तासभर बोलतो. वेळ आमचा, खर्च आमचा, त्याची तक्रार नाही.

अडचण अशी की आमचं ऐकून ज्यांचे डोळे चमकतात, त्यातल्या बहुतेकांची वेळ निघून गेलेली असते.

अट सरळ आहे: जाताना आणि परत आल्यावरही तुम्ही आपल्या विद्यापीठात पदवीचे विद्यार्थी असायला हवं. अर्ज वर्षाच्या सुरुवातीला, प्रवास सप्टेंबर-ऑक्टोबरात. तीन वर्षांच्या पदवीत अर्जाची खरी वेळ एसवायला येते. टीवायच्या शेवटच्या टर्मला अर्ज केला तर निघेपर्यंत पदवी हातात पडलेली असते आणि माणूस अपात्र ठरतो. आणि कॉलेजं आम्हाला नेमकं टीवायच्या वर्गापुढेच उभं करतात, कारण 'करिअर मार्गदर्शन' त्यांच्यासाठी असतं!

मागच्या वेळी एक मुलगी कार्यक्रमानंतर थांबली. सोलापूरहून पुण्यात शिकायला आलेली, एन-थ्री (जपानी भाषेच्या परीक्षेची मधली पातळी) झालेली, जपानी इतकं स्वच्छ की मला माझे सुरुवातीचे दिवस आठवले. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ती सहाव्या सेमिस्टरला होती. तिला 'तुला आता नाही जाता येणार' हे मला सांगावं लागलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

दुसरा प्रश्न पालकांचा. फी माफ, येण्याजाण्याचं विमानाचं तिकीट आणि महिन्याला १,१७,००० येन, एवढं सांगूनही पहिला प्रश्न येतो, "डिग्री मिळते का?" नाही मिळत, प्रमाणपत्र मिळतं. मग "वर्ष वाया जाणार" यावर बोलणं थांबतं. जपानी माणसांत राहून, त्यांच्याच वर्गात बसून कान कसा तयार होतो हे मी सांगते, पण ते त्यांना पटत नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असंही मला वाटत नाही.

तर एफवायच्या मुलांपर्यंत कसं पोचावं? आणि पालकांशी काय बोलावं? शिक्षक, पालक, कुणीही सांगा.

प्रतिसाद १
मी कॉलेजात शिकवते. पत्र प्राचार्यांना देऊन थांबू नका, जपानीच्या शिक्षकांना भेटा. जून-जुलैत एफवायच्या स्वागताचा कार्यक्रम असतो, त्यात १० मिनिटं मागा. तारखांचा एकच कागद मराठीत करा: कुठल्या सेमिस्टरला काय. मुलं तो फोटो काढून घरी पाठवतात. आणि परत आल्यावर पुन्हा प्रवेश, राहिलेल्या सेमिस्टरची परीक्षा, तिकडचे क्रेडिट इथे धरणार का, हे कॉलेजकडून आधी लेखी घ्यायला सांगा. 'वर्ष वाया' ही भीती निम्मी तिथेच आहे.

प्रतिसाद २
बाप म्हणून सांगतो. माझी मुलगी गेली होती. मला पैशांचा आकडा नको होता. आजारी पडली तर कोण, राहणार कुठे, परत कधी, एवढंच हवं होतं. गेलेल्या मुलीच्या आईशी माझ्या बायकोचं फोनवर बोलणं झालं आणि आमचा होकार झाला. तुमच्या आईला बोलवा.

प्रतिसाद ३
त्या सोलापूरच्या मुलीला कळवा, पदवीनंतर मेक्स्टचीच संशोधन शिष्यवृत्ती असते. संशोधनाचा आराखडा लिहावा लागतो, पण दार बंद झालेलं नाही.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. संशोधन शिष्यवृत्तीचं मी तिला त्या दिवशी सांगायला हवं होतं. आत्ताच निरोप पाठवला. आईला विचारलं, ती एका पायावर तयार आहे. तारखांचा कागद आज रात्री इथेच टाकते, चुका असतील तर दाखवा.