छोट्या लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकायची आहे: कोणती घ्यावी आणि आहे ती विंडोज तशीच नेता येते का?

किलबिल (धागाकर्ता)

लॅपटॉप ११.६ इंची, रॅम ४ जीबी, आत ५०० जीबीची ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. विंडोज १०, ६४ बिट. सुरू केल्यावर बराच वेळ टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते, प्रोसेसर मात्र २०-२५ टक्क्यांच्या वर जात नाही. डिस्कवर साधारण ११० जीबी भरलेलं आहे.

एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) टाकायचं नक्की केलं आहे. शंका एवढ्याच: आतला पोर्ट साटा-२ (डिस्क जोडायची जुनी, कमी वेगाची पद्धत) आहे, तर साटा-३ ची ६ जीबीपीएसची ड्राइव्ह त्यावर वाया जाईल का? २४० जीबी पुरेल का? विंडोज नव्याने टाकावी की क्लोन करावी (आहे ती डिस्क जशीच्या तशी नव्या ड्राइव्हवर उतरवावी)? आणि लॅपटॉप उघडताना काय सांभाळायचं?

पाना-पकड

साटा-२ ची काळजी सोडा. त्यावर सेकंदाला २५०-२७० एमबी मिळतात, साटा-३ वर साडेपाचशेच्या आसपास. हा फरक मोठी फाइल कॉपी करताना जाणवेल, एरवी नाही. तुमचा लॅपटॉप अडतोय तो वेगळ्याच ठिकाणी. ५४०० आरपीएमची तबकडी एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी साडेपाच. त्याआधी हेड जागेवर सरकायला १२ च्या आसपास. एका बारीक वाचनामागे १७-१८ मिलिसेकंद गेले की सेकंदाला जेमतेम ५०-६० वाचनं होतात, आणि विंडोज सुरू होताना अशी हजारो वाचनं मागते. एसएसडी हेच काम ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास करते. पोर्ट जुना असला तरी हा फायदा जवळजवळ पूर्ण मिळतो. म्हणून सर्वांत वेगवान मॉडेलसाठी जादा पैसे घालू नका. नामांकित कंपनीची, टीएलसी फ्लॅश (एका कोशात तीन बिट साठवणारी चिप) असलेली २.५ इंची साटा ड्राइव्ह घ्या. डीरॅम कॅश (ड्राइव्हमधली वेगवान तात्पुरती मेमरी) असेल तर उत्तम. क्यूएलसी (एका कोशात चार बिट) ड्राइव्ह मोठं लेखन चालू असताना फ्लॅशमधला वेगवान राखीव भाग भरला की एकदम मंदावते.

खरेदीआधी दोन मोजमापं बघा. पहिलं जाडी. २.५ इंची एसएसडी बहुधा ७ मिमीची असते, जुन्या डिस्का ९.५ मिमीच्या. जाड खाचेत पातळ ड्राइव्ह बसते, पण हलू नये म्हणून २.५ मिमीची प्लास्टिकची चौकट लावावी लागते. ती बऱ्याचदा खोक्यात नसते, तेव्हा विचारून घ्या. उलट बाजूने, तुमची जुनी डिस्क ७ मिमीची असेल तर ९.५ ची कुठलीच ड्राइव्ह आत जाणार नाही.

दुसरं क्षमता, आणि इथे बरेच जण फसतात. ५०० जीबीची हार्ड डिस्क म्हणजे ५००,१०७,८६२,०१६ बाइट. ४८० जीबीची एसएसडी तिच्याहून २० जीबीने लहान असते, ५०० जीबीवाली मात्र नेमकी तेवढीच. क्लोनझिलासारखी क्लोन करायची साधनं लक्ष्य डिस्क लहान असेल तर नेहमीच्या सेटिंगवर नकार देतात, भरलेला डेटा कितीही कमी असो. क्लोनच करायचं असेल तर ४८० ऐवजी ५०० घ्या, पुढची सगळी कटकट वाचेल. नव्याने विंडोज टाकणार असाल तर ११० जीबीच्या डेटाला २४० पुरते.

इतर वाचकांसाठी: अनेक स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये ३२ किंवा ६४ जीबीचं ईएमएमसी (चिपच्या रूपातलं) स्टोरेज मदरबोर्डवर डाखलेलं (सोल्डर केलेलं) असतं. ते काढता येत नाही. बोर्डवर मोकळा एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची खाच) आहे का ते मॉडेल क्रमांकावरून सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा. एम.२ असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणी), आणि लांबी किती, हेही तिथेच कळेल. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. २२४२ च्या जागी ती बसणार नाही. दोन खाचांची एम.२ ड्राइव्ह एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये बसते, पण साटा असेल आणि स्लॉट साटा देत नसेल तर बायोसला (लॅपटॉप सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामला) दिसतच नाही. बसली म्हणजे चालेल असं धरून चालू नका.

मध्यरात्र

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. क्लोनबद्दल सांगतो.

आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींची कच्ची मूल्यं शून्य हवीत. ती सोळा अंकी पद्धतीत दिसतात, सेटिंगमध्ये दशमान करून घ्या. सी५ म्हणजे वाचताना अडलेले सेक्टर. तो आकडा शून्याच्या वर असेल तर क्लोन अर्ध्यावर तुटू शकतो, किंवा बिघडलेल्या सिस्टिम फाइली तशाच नव्या ड्राइव्हवर येतात. अशा वेळी महत्त्वाच्या फाइली ताबडतोब बाहेर काढा आणि विंडोज नव्यानेच टाका.

डिस्क धडधाकट असेल तर क्लोनला हरकत नाही. करण्याआधी:

– फाइलींचा बॅकअप तिसऱ्याच डिस्कवर. क्लोनमध्ये मूळ आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोऱ्या ड्राइव्हची प्रत जुनीवर चढते आणि सगळं जातं. म्हणून डिस्क निवडताना मॉडेलचं नाव वाचा, क्षमता नाही. दोन्ही ५०० जीबीच्या असतील तर क्षमतेवरून ओळखताच येणार नाहीत.
– बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर तो पूर्ण काढा आणि रिकव्हरी की लिहून ठेवा.
– शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. साध्या शटडाउनमध्ये फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपलेली असते आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला नाकारते.

एसएसडी यूएसबी-साटा अडॅप्टरला लावा. २.५ इंची ड्राइव्हला ५ व्होल्टच लागतात, वेगळा पॉवर अडॅप्टर नको. यूएसबी २.० वर सेकंदाला ३०-३५ एमबी धरा, म्हणजे ११० जीबीला तासभर. यूएसबी ३.० असेल तर जुन्या डिस्कचा वेग हीच मर्यादा राहील.

२४० चीच घ्यायची असेल तर सी ड्राइव्ह आधी आकसावी लागेल, कारण विंडोज तिला २२३ जीबी दाखवते. डिस्क मॅनेजमेंट मध्येच अडकलं आणि जागा सोडेना, तर हायबरनेशन, पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरते बंद करून बघा. न हलणाऱ्या फाइली बहुधा त्यांच्याच असतात. सी नंतर डिस्कच्या शेवटी रिकव्हरी पार्टिशन असेल तर तेही जीपार्टेड या पार्टिशन बदलायच्या साधनाने डावीकडे सरकवावं लागतं. एसएसडी कंपन्यांची स्वतःची क्लोन साधनं हे आपोआप करतात, पण ती त्याच कंपनीची ड्राइव्ह जोडलेली असेल तरच चालतात.

पाना-पकड

आता उघडण्याबद्दल. चार्जर काढा, बॅटरी काढा, मग पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर सर्वांत आधी तिचा कनेक्टर सोडवा. पीएच०० आणि पीएच० असे दोन बारीक फिलिप्स (अधिक चिन्हासारख्या टोकाचे) स्क्रूड्रायव्हर लागतात. मोठं टोक घेतलं की स्क्रूचं डोकं खाल्लं जातं. स्क्रू ज्या जागचे त्या क्रमाने कागदावर चिकटवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी फिरवला तर वरच्या बाजूने कीबोर्डजवळ उमटतो. रबरी पायांखाली स्क्रू लपलेले असतात. झाकण नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने सोडवा. एखादी जागा सुटेना तर तिथे स्क्रू राहिलाय, जोर लावू नका.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते चपट्या रिबन केबलचं. काही छोट्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा २२ पिनांचा कनेक्टर अशा केबलने बोर्डला जोडलेला असतो. बोर्डकडची बारीक पट्टी नखाने वर उचलायची, मग केबल सरळ ओढायची. पट्टी न उचलता ओढली तर पट्टी तुटते किंवा केबलच्या टोकाचे तांबडे पट्टे सोलले जातात. परत घालताना केबल समांतर आत गेलेली दिसली पाहिजे. तिरकी गेली तर ड्राइव्ह कधी दिसते कधी नाही, आणि लोक नवी एसएसडी खराब आली म्हणून परत करतात. जुन्या डिस्कची कंसासारखी पत्र्याची चौकट काढून एसएसडीला लावायला विसरू नका. तिच्याशिवाय ड्राइव्ह कनेक्टरवरच लोंबते.

किलबिल (धागाकर्ता)

दोघांचेही आभार. सी५ शून्य आहे. ५०० ची घेऊन क्लोन करतो. बायोसमध्ये साटा मोड आयडीई दिसतोय, तो बदलायचा का? आणि पेजफाइल बंद केली तर एसएसडी जास्त टिकेल का?

मध्यरात्र

एएचसीआय (आयडीई हा जुना मोड, हा साटाचा नवा) करावा, पण थेट नको. थेट बदलला तर निळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाची चूक येते. एमएसकॉन्फिगमध्ये सेफ बूट निवडा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये विंडोज एकदा उघडू द्या म्हणजे ड्रायव्हर बसतो, मग सेफ बूटची खूण काढा. हे जुन्या डिस्कवरच आधी करून घ्या, मग क्लोन.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा फक्त एसएसडी जोडून सुरू करा. दोन्ही डिस्कवर एकच ओळख क्रमांक असतो, त्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकते. एसएसडीवर सगळं नीट चाललंय याची खात्री होईपर्यंत जुनी डिस्क पुसू नका.

पेजफाइल बंद करू नका. ४ जीबी रॅमवर प्रोग्राम मध्येच बंद पडतील. १५० टीबीडब्ल्यूच्या (एकूण १५० टीबी लिहिण्याची हमी असलेल्या) ड्राइव्हवर रोज २० जीबी लिहिले तरी ७,५०० दिवस जातात, म्हणजे वीस वर्षं. डीफ्रॅग हाताने चालवायची गरज नाही. ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्जमध्ये 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' दिसतंय आणि वेळापत्रक चालू आहे एवढं बघा, ट्रिम (पुसलेली जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणं) त्यातूनच होते.

एक विचार जरूर करा: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि साटा-२ च्या काळातलं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसणार नाही. क्लोन झाल्यावर शंभर जीबी मोकळे ठेवून त्यात लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकून पाहा. ४ जीबी रॅमवर ती चांगली चालते.