जुन्या ट्रॅव्हलरमध्ये चौघांची झोपायची सोय करायची आहे, घडीचं फर्निचर कसं करू?

वडसा_साउंड (जून)

नमस्कार जी मंडळी. मी वडशाजवळच्या खेड्यातला, धंदा साउंड-लाइटचा. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळी झाली का नाटकं सुरू होतात, ती पार होळीपर्यंत. रात्रभर नाटक, पहाटे वायर गुंडाळा, दिवसा पुढच्या गावाले पोचा. आम्ही चौघं. आतापर्यंत कोणाच्या पडवीत नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात ताडपत्री टाकून झोपलो, पण मागच्या पुसात थंडीनं इतके कुडकुडलो का पोट्टे म्हणाले दादा पुढच्या सीझनले आम्ही येत नाही. म्हणून एक जुनी बारा सीटची ट्रॅव्हलर घेतली. बॉक्स-अँप पिकअपमध्ये जाते, ही गाडी फक्त माणसांची आणि साउंडच्या मिक्सरची.

आतून मोजलं तं ड्रायव्हरच्या मागे साडेनऊ फूट लांबी, भिंत ते भिंत साडेपाच फूट, उंची सहाला थोडी कमी. चार जण झोपले पाहिजे, दिवसा बसून जेवले पाहिजे, मिक्सर उघडून सोल्डरिंग करता येईल असा एक टेबल पाहिजे, आणि हे सगळं झाल्यावर मधातून चालता आलं पाहिजे. बजेट चाळीस हजार, त्याच्यावर नाही जी. गावातला सुतार म्हणते १९ एमएमच्या प्लायचे दोन दिवाण ठोकून देतो, विषय संपला. मले ते जड वाटून राह्यलं. मोबाइलवर बाहेरच्या देशातल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहतो, त्यात बटण दाबलं का छतातून पलंगच खाली येते, ते पाहून बायको म्हणते आधी घरचा पलंग दुरुस्त करा.

फिरस्ता_पुणे

दादा, मस्त प्रोजेक्ट! मी एक छोटी गाडी अशी केली आहे म्हणून सांगतो. समोरासमोर दोन बाकं, मध्ये टेबल, रात्री टेबलाचा पाय काढायचा, फळी बाकांच्या पातळीला कठड्यांवर टेकवायची आणि वर पाठीच्या गाद्या टाकायच्या, झाला डबल बेड. एकाच वस्तूत टेबल आणि पलंग दोन्ही. बाकांना वर झाकण, खाली सामान, झाकणाला गॅस स्ट्रट (झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे) लावले की हात मोकळे राहतात.

पण त्याआधी कागदाचं बघा. सीट काढणं, आत पक्कं फर्निचर बसवणं म्हणजे आरसीवर जे लिहिलंय त्यात फेरबदल, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याला लागू होतं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. आधी आरटीओत विचारा, मग करवत चालवा. आणि चालत्या गाडीत पलंगावर कोणी झोपायचं नाही, बेल्ट असलेल्या सीटा जितकी माणसं तितक्या ठेवा.

रंधा_पटाशी

ब्रह्मपुरीकडचा आहो, तीन पिढ्यांचा सुतार. पुणेकर भाऊंचं कागदाचं बरोबर आहे, टेबलाचं नाही पटलं.

पहाटे चार-पाचले तुम्ही येणार, टेबलावर कपबश्या, टॉर्च, मिक्सरचे स्क्रू, कोणाचा खर्रा. ते सगळं उचला, पाय काढा, फळी बसवा, गाद्या लावा, तेव्हा झोपा. दोन दिवस कराल, तिसऱ्या दिवशी जमिनीवर आडवे व्हाल, लिहून घ्या. घराच्या फर्निचरमध्ये चालते, गाडीत जे रोज उघडायचं ते एका हातानं, अंधारात, शिव्या न देता उघडलं पाहिजे.

तुमची रुंदी साडेपाच फूट म्हणजे ६६ इंच. आडवं झोपायचा विचार सोडा, पाय दुमडतील. लांबीच्या बाजूनं झोपा. आता ६६ चे तीन भाग करा, २२-२२-२२. दोन्ही भिंतींले २२ इंची बाकं, मधात २२ ची वाट. बाकाच्या वर अखंड प्लाय लावू नका, दोन-दोन इंची पट्ट्या लावा आणि दोन पट्ट्यांमधात पट्टीपेक्षा सूतभर जास्त जागा सोडा. त्या जागेत दुसऱ्या पट्ट्या सरकतील, त्या समोरून एकाच आडव्या पट्टीले जोडलेल्या. दोन्ही हाताची बोटं एकमेकांत घाला आणि थोडी बाहेर ओढा, तसंच. एका बाकातून ११ इंच बाहेर ओढायचं, दुसऱ्यातून ११, मधात भेटतात. अर्धी पट्टी बाकाच्या आतच राहते म्हणून वाकत नाही. समोरच्या पट्टीले कब्ज्यावर (बिजागरीवर) दुमडणारे दोन-दोन पाय. पाठीची गादी २२ उंचीची करा, तीच रात्री मधात आडवी पडते. तीन माणसं आरामात. चौथ्याचं वेल्डरले विचारा, ते लाकडाचं काम नव्हे.

पट्ट्यांचा दुसरा फायदा. थंडीत चार माणसं काच लावून झोपली का श्वासाचं पानी पत्र्यावर जमते, गादीखालीही जमते. अखंड प्लायवर गादी सतत पडली का महिनाभरात बुरशी. पट्टीत हवा खेळते. सागवानाच्या पट्ट्या परवडत असतील तर उत्तम, नाहीतर आपल्या भागात बांबू आहेच, पण कच्चा बांबू लावाल तर भुंगा पीठ करून ठेवेल, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून वाळवलेलाच घ्या.

वजनाचं बोलायचं तं १९ एमएमची आठ बाय चारची एक शीट साधारण ३५ किलो भरते, १२ ची २२-२३. तुमच्या सुतारानं चार शीटा वापरल्या तर गाडीत आधीच दोन माणसं बसवल्यासारखं झालं. उभ्या बाजूले १२ एमएम पुरे, पाण्याचा भाग येतो तिथं बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० वाला मरीन, आणि कापलेली प्रत्येक कड रंगानं किंवा फेव्हिकॉलनं बंद करा. एमडीएफ गाडीत आणूच नका, हादऱ्यानं स्क्रूची भोकं मोठी होतात आणि ओल लागली का भाकरीसारखा फुगते.

ठिणगी_हिंगणघाट

सुतार भौनं चेंडू माह्याकडे टाकला तं ऐका.

चौथ्या माणसाले रेल्वेचा मधला बर्थ. सेवाग्रामले कितीदा गेले असाल, स्लीपरमधला मधला बर्थ दिवसा पाठ होते न् रात्री पलंग, तेच करायचं. एक इंची चौकोनी पाइप १६ गेजचा. सहा फूट बाय २२ इंचाची चौकट न् मधात दोन आडवे, बरोबर वीस फुटाचा एक पाइप लागते, कापून उरते ते वीतभर. एका पाइपचं वजन सात किलोच्या आसपास. त्याच्यावर प्लाय नको, निवारपट्टी विणा, आपल्या खाटेसारखी, घट्ट. भिंतीच्या बाजूले तीन कब्जे, समोर दोन चेन. बाक १६ इंच उंच धरा, हा बर्थ ४६ वर टांगा, वरच्याले न् खालच्याले दोघांलेही कूस बदलता येते.

आता मुद्द्याचं. कब्जे न् चेन पत्र्यावर मारू नका बाप्पा. गाडीचा पत्रा म्हणजे पापड, सेल्फ स्क्रू चार खड्ड्यात निघून येते न् ऐंशी किलोचा माणूस खालच्याच्या छातीवर. आतला रेक्झिन सोलून पाहा, खिडक्यांच्या मधात उभ्या रिबा, गाडीच्या बरगड्या, असतात, त्याले जाड पट्टी वेल्ड करा न् मंग बोल्ट. नट नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, पाह्यजे, साधा नट हादऱ्यानं सुटतेच. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा, अल्टरनेटर-बिल्टरनेटर जळते, न् आतला फोम-कापड सगळं बाजूले करा, बादलीत पानी अन् ओलं पोतं जवळ. मी एकदा नाही काढलं तं पेटलं, पुढचं सांगत नाही.

अॅल्युमिनिअम म्हणाल तं लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वजनाचं येते, पन गावात त्याचं वेल्डिंग करनारा भेटनार नाही न् रस्त्यात तुटलं तं बसा. लोखंडच बरं. तुटलं तं कोनत्याही फाट्यावर जोडून भेटते.

दारव्ह्याची_सून

मी यवतमाळ जिल्ह्यातली, आमच्याकडे अशीच एक बनवून घेतलेली गाडी आहे, सासूबाईंना शेगाव-माहूरला नेतो, त्यामुळे माझा अनुभव बनवणाऱ्याचा नाही वापरणाऱ्याचा आहे. दोन गोष्टी सांगते.

गॅस स्ट्रटवर भाळू नका. आमच्या बाकाच्या झाकणाला ज्यांनी लावून दिले त्यांनी हिवाळ्यात मापून लावले. मे महिन्यात गाडी उन्हात उभी, आत नुसती भट्टी, कडी उघडल्याबरोबर झाकण असं उसळलं की सासूबाईंच्या हनुवटीला लागलं. नंतर मुलाने समजावलं की त्यात गॅस भरलेला असतो, तापला की दाब वाढतो, दर दहा अंशाला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यात पंधरा-वीस टक्क्यांचा फरक. आपल्या इकडे पारा पंचेचाळीसला जातो, बंद गाडीत त्याहून किती जास्त विचारू नका. आणि दांडा खालच्या बाजूला येईल असा लावायचा असतो म्हणे, आतलं तेल सीलपाशी राहतं, आमचे उलटे लावले होते, वर्षात लुळे पडले. शेवटी काढून टाकले. तसंही वर माणूस झोपलेला असताना खालचं सामान काढायला झाकण उघडणार कसं? बाकाला समोरूनच दारं द्या.

दुसरं, रात्री कोणीतरी उठणारच. तिघांच्या अंगावरून जायचं का? एका बाजूच्या पट्ट्या ओढायच्या आणि दुसऱ्या नाही, अशी सोय सुतारदादांच्या पद्धतीत आपोआप आहे, ११ इंचांची वाट राहते, आडवं होऊन जाता येतं. दाराजवळची बाजू न ओढलेली ठेवा. मधल्याला तेवढी दाटी होईल.

आणि स्वयंपाक आत करणार नसालच. फोमच्या गाद्यांशेजारी गॅस नको. आमच्याकडे मागच्या दाराला आतून दोन फुटी फळी आहे, दार उघडलं की दोन साखळ्यांवर खाली येते, तिथेच उभ्याने चहा होतो. तुमचा सोल्डरिंगचा टेबलही तोच करा, धूर बाहेरच्या बाहेर.

फिरस्ता_पुणे

ताईंचं मान्य. मी पुण्यात राहतो, इथे इतकं तापत नाही म्हणून माझे स्ट्रट टिकले असावेत. पट्ट्यांची आयडिया ढापतोय.

वडसा_साउंड (जून)

टेबल बाहेर गेला हे लय भारी. मले वाटत होतं आत टेबल पाहिजेच, पण खरं पाहिलं तं आम्ही जेवतो मांडीवर ताट घेऊन. सनमायका लावू का पट्ट्यांना, चकचक दिसते?

रंधा_पटाशी

लावू नका. एक शीट सनमायका चार किलो वजन वाढवते आणि गादीखाली कोणाले दिसते?

वडसा_साउंड (डिसेंबर)

नमस्कार, सीझन सुरू झाला, दीड महिना झाला गाडीत झोपून राह्यलो. आरटीओच्या कागदाले बनवण्यापेक्षा जास्त दिवस लागले, पण झालं. खर्च बेचाळीस हजार, दोन हजार बायकोनं दिले, त्याचं व्याज म्हणून उन्हाळ्यात पचमढी.

बाकं सुतार भाऊंनी सांगितली तशीच. आमच्या सुतारानं आधी तोंड वाकडं केलं, पट्ट्या सरकल्यावर मात्र स्वतःच दहादा आतबाहेर करून पाहत होता, टुरा खेळणं घेऊन बसला असा. एक चूक झाली. पट्ट्यांमधात सूतभर जागा सोडली ती उन्हाळ्याच्या मापाची, पावसाळ्यात लाकूड फुगलं आणि सगळं अडकून बसलं. सप्टेंबरात एकेक पट्टी काढून रंधा मारला, कडांले मेणबत्ती घासली, आता मख्खन. ज्याले करायचं त्यानं जागा थोडी जास्तच सोडा.

वरचा बर्थ हिट आहे. त्यावर कोण झोपणार यासाठी पोट्ट्यांत भांडण होते, शेवटी पाळी लावली. निवारपट्टी पंधरा दिवसांत सैल पडली होती, पायाकडची दोरी ओढून परत ताणली. मागच्या दाराच्या टेबलावर तं आता कंपनीचे कलाकारही चहाले येऊन उभे राहतात.

फक्त एक त्रास आहे जी. त्या बर्थच्या दोन चेन. गावचा रस्ता लागला का टिंग टिंग टिंग, बैलगाडीत बसल्यासारखं वाटते, ड्रायव्हर वैतागला. कापड गुंडाळलं तं दोन दिवसात फाटलं. काय करू?

ठिणगी_हिंगणघाट

सायकलची जुनी ट्यूब घे, चेनच्या लांबीची काप, चेन तिच्यातून ओवून टाक. पंक्चरवाला फुकट देते.